एक मिनिट गोंधळ : शर्यतीत गेलेल्या मुलाचा शोक कसा करतात

इटलीच्या पूर्व किनाऱ्यापासून थोडं आत, टेकडीवर कोरियानो नावाचं छोटं गाव आहे. तिथे मोटरसायकलच्या सायलेन्सरसारखं दिसणारं एक पोलादी शिल्प उभं आहे. दर रविवारी संध्याकाळी त्याच्या तोंडातून आगीचा लोट निघतो आणि बरोबर 58 सेकंदांनी विझतो. शिल्पाचं नावच 'दर रविवारी' असं आहे. मोटरसायकलच्या मोठ्या शर्यती रविवारी होतात म्हणून रविवार, आणि गावच्या मुलाच्या गाडीचा नंबर 58 होता म्हणून 58 सेकंद.

त्या मुलाचं नाव मार्को सिमोनचेल्ली. 23 ऑक्टोबर 2011 रोजी मलेशियातल्या सेपांग सर्किटवर, शर्यत चालू असताना तो गेला. वय 24.

कोवळ्या वयाचा रेसर शर्यतीतच गेला, तर त्याच्या माणसांपुढे एक विचित्र पेच उभा राहतो. आजारपणात किंवा रस्त्यावरच्या अपघातात माणूस गेला, तर ज्याने त्याला नेलं त्याचा राग धरता येतो. इथे मुलाला ज्याने नेलं, तेच त्याचं सगळ्यात लाडकं. गाडीला शिव्या द्याव्यात, तर ती मुलाने पोरवयापासून उराशी धरलेली. रेसिंग वाईट म्हणावं, तर मुलाचं सगळं आयुष्यच वाईट ठरवल्यासारखं होतं. मग रडायचं कसं, आणि मान द्यायचा कसा? मोटरसायकल रेसिंगच्या जगाने या प्रश्नाची उत्तरं हळूहळू शोधली आहेत. सिमोनचेल्लीची गोष्ट नीट पाहिली, की त्यातली बरीचशी समजतात.

आधी तो कोण होता ते सांगायला हवं. जन्म 20 जानेवारी 1987, कातोलिकाचा, वाढला कोरियानोत. अंगाने उंच, डोक्यावर कुरळ्या केसांचं जंगल, हेल्मेटमध्ये ते मावायचं कसं हाच प्रश्न पडावा. 2008 मध्ये जिलेराच्या गाडीवर तो 250 सीसी गटाचा जगज्जेता झाला. 2010 पासून सगळ्यात वरच्या गटात, म्हणजे मोटोजीपीत, फाउस्तो ग्रेसिनीच्या संघाकडून होंडा चालवू लागला. चाहते त्याला 'सिक' म्हणत. हे नाव टीव्हीच्या पडद्यावरून आलं. तिथे रेसरच्या आडनावाची तीनच अक्षरं दिसतात. त्याच वेळी हुलियान सिमोन नावाचा दुसरा रेसर होता, 'सिम' त्याच्याकडे गेलं, आणि याच्या वाट्याला 'सिक' आलं.

सगळ्यांना तो आवडायचा असं नाही, हे इथे सांगितलंच पाहिजे. त्याची गाडी चालवण्याची पद्धत अंगावर येणारी होती. 2011 च्या मे महिन्यात फ्रान्समधल्या शर्यतीत त्याच्याशी धडकून त्याचा प्रतिस्पर्धी दानी पेद्रोसाचं कॉलरबोन मोडलं. दुसरा प्रतिस्पर्धी होर्हे लोरेन्झो याने त्याला उघडपणे धोकादायक म्हटलं होतं. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये ही आपलीही रीत आहे. पण त्याचे वाद पुसून टाकले तर जो उरतो तो कुणी दुसराच मुलगा असतो. त्या वर्षाच्या उत्तरार्धात तो शांत होत चालला होता, वेगही वाढत होता. 16 ऑक्टोबरला ऑस्ट्रेलियात तो दुसरा आला. मोटोजीपीतली त्याची ती सर्वोत्तम कामगिरी. बरोबर सात दिवसांनी सेपांग.

तिथे काय झालं ते समजून घ्यायचं तर गाडी पडते कशी हे आधी पाहावं लागेल. वळणावर रेसर गाडी इतकी आडवी झुकवतो की त्याचा गुडघा आणि कोपर डांबराला घासतात. तेव्हा गाडीचा सगळा भार टायरच्या हातभर नव्हे, तळहाताएवढ्या पट्टीवर असतो. ती पट्टी निसटली की गाडी जमिनीवर आडवी होते. बहुतेक वेळा गाडी आणि माणूस दोघंही वेगाच्या ओघात वळणाच्या बाहेरच्या बाजूला घसरत जातात. तिथे मुद्दाम खडी पसरलेली असते, पुढे हवेच्या गाद्या असतात. रेसर लोळत जातो, उठतो, कपडे झटकतो. अशी पडझड प्रत्येक शर्यतीत होते आणि सर्किटची सगळी रचना तिच्यासाठीच केलेली असते.

सेपांगला दुसऱ्याच फेरीत, अकराव्या वळणावर सिमोनचेल्लीची गाडी अशीच आडवी झाली. पण त्याने हँडल सोडलं नाही. गाडी बाहेर घसरत जाण्याऐवजी टायरने पुन्हा पकड घेतली, आणि गाडी त्याला घेऊन आतल्या बाजूला, थेट मागून येणाऱ्यांच्या वाटेवर आली. मागे कॉलिन एडवर्ड्स आणि व्हॅलेंतिनो रोसी होते. टाळायला त्यांच्याकडे ना जागा होती, ना वेळ. धडकेत सिमोनचेल्लीचं हेल्मेटही निघून गेलं.

लाल झेंडा दाखवून शर्यत थांबवण्यात आली. वैद्यकीय केंद्रात डॉक्टरांनी पाऊण तासाच्या वर प्रयत्न केले. तिथल्या घड्याळात दुपारचे 4 वाजून 56 मिनिटं झाली असताना मृत्यू जाहीर झाला. आपल्याकडे तेव्हा 2 वाजून 26 मिनिटं झाली होती. दिवाळी अगदी तोंडावर आली होती. शर्यत रद्द झाली.

खडी, हवेच्या गाद्या, चामड्याचा सूट, पाठीचं कवच ही सगळी साधनं एकट्याने पडणाऱ्याला वाचवतात. मागून येणाऱ्या गाडीपुढे ती फार तोकडी पडतात. त्याआधी वर्षभरच, 5 सप्टेंबर 2010 ला, शोया तोमिझावा हा 19 वर्षांचा जपानी मुलगा मोटोजीपीच्या खालच्या, मोटो2 गटात असाच गेला होता. तो पडला आणि मागच्या दोघांच्या गाड्या त्याच्यावर आल्या. म्हणूनच या खेळात एका मृत्यूचं दुःख एकाच घरात राहत नाही. ज्यांच्या गाडीखाली मित्र सापडला, त्यांनाही ते आयुष्यभर वागवावं लागतं.

रोसीचं तावुलिया गाव कोरियानोपासून फार दूर नाही. दोघं एकत्र सराव करायचे, आणि मार्को आपल्याला धाकट्या भावासारखा होता असं रोसीने सांगितलं. शवपेटी इटलीला आली त्या विमानात तोही होता. पुढे रोसीने इटलीतल्या तरुण रेसर्ससाठी जी अकादमी उभी केली, तिची मुळं मार्कोबरोबरच्या त्या सरावांतच होती. वयाने मोठ्या माणसाने धाकट्याला शिकवण्यातली गोडी त्याला तिथे लागली होती.

27 ऑक्टोबरला कोरियानोच्या चर्चमध्ये अंत्यविधी झाला. हजारो माणसं बाहेर उभी होती आणि इटलीभर तो टीव्हीवर थेट दाखवला गेला. शवपेटीच्या बाजूला त्याच्या दोन गाड्या उभ्या केल्या होत्या, जगज्जेतेपदाची जिलेरा आणि शेवटची होंडा. आत बसलेल्यांत लोरेन्झोही होता.

गाडी चर्चमध्ये आणणं कुणाला विचित्र वाटेल. मला त्यात आपल्या गावोगावच्या वीरगळांची आठवण येते. देवळाच्या आवारात, शेताच्या बांधावर, पिंपळाच्या पारावर ते दगड आपण पाहिलेले असतात. खालच्या चौकटीत लढणारा आणि पडलेला वीर, त्याच्या वर त्याला नेणाऱ्या अप्सरा, मग शिवलिंगाची पूजा, आणि अगदी वर चंद्र-सूर्य. दगड घडवणाऱ्याने माणूस नुसता हात जोडून उभा दाखवलेला नसतो. त्याच्या हातात शस्त्र असतं, समोर शत्रू असतो, कुठे राखलेली गुरंही असतात. ज्या कामात तो गेला ते काम दगडावर आलं, तरच तो दगड त्याचा होतो. कोरियानोच्या चर्चमधल्या दोन गाड्या तेच सांगत होत्या.

यानंतरची गोष्ट मला या सगळ्यात सर्वांत मोलाची वाटते. मोसमातली शेवटची शर्यत 6 नोव्हेंबरला स्पेनमध्ये वॅलेन्सियाला होती. अशा वेळी प्रथा ठरलेली असते : सगळ्यांनी टोप्या काढायच्या आणि मिनिटभर शांत उभं राहायचं. आपल्याकडच्या सभेतही 'दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून' श्रद्धांजली वाहतात, तसंच. मार्कोचे वडील पाओलो सिमोनचेल्ली यांनी सांगितलं की माझ्या मुलासाठी शांतता नको, मिनिटभर गोंधळ करा. त्यांनी वापरलेला इटालियन शब्द 'काझीनो'. बोलीभाषेत त्याचा अर्थ दंगा, कल्लोळ, हलकल्लोळ.

मराठीत याला गोंधळच म्हणावं लागेल, आणि मराठी माणसाला हा शब्द जास्त कळेल. आपला गोंधळ म्हणजे नुसता गडबडगुंडा नव्हे. संबळ वाजते, दिवटी पेटते, आणि गोंधळी एकेका देवाला नाव घेऊन गोंधळाला बोलावतो. आपल्याकडे तो लग्नकार्यानंतर घालतात, दुखवट्यात नाही, हे खरं. तरीही आवाजाने आणि आगीने एखाद्याला हाक मारायची, आमच्यात ये म्हणायचं, ही कल्पना आपल्या रक्तात आहे. त्या बापाला तेच हवं होतं. शांततेत मुलगा नव्हताच. तो इंजिनाच्या आवाजात होता.

वॅलेन्सियाला त्या सकाळी तिन्ही गटांचे रेसर आपापल्या गाड्या घेऊन एकत्र ट्रॅकवर आले. सगळ्यांच्या पुढे मार्कोची 58 नंबरची होंडा होती, आणि तिच्यावर 1993 चा जगज्जेता केव्हिन श्वांट्झ. एरवी एकमेकांना इंचभर जागा न देणारे सगळे त्याच्या मागे संथपणे एक फेरी फिरले. मग इंजिनं गरजली, फटाके फुटले, प्रेक्षकांनी घसा फाटेपर्यंत आरडाओरडा केला. लोरिस कापिरोसीची ती कारकिर्दीतली शेवटची शर्यत. इतकी वर्षं मिरवलेला 65 हा स्वतःचा नंबर बाजूला ठेवून तो त्या दिवशी 58 लावून धावला. मोटो2 ची शर्यत जिंकली मिकेले पिर्रोने, ग्रेसिनीच्याच संघातल्या मुलाने.

बापाने असं का मागितलं असेल, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. शांततेत प्रत्येक जण एकटा असतो. खाली मान घातलेल्या दहा हजार माणसांत आई-बाप सगळ्यात एकटे असतात. आवाज मात्र एकत्र करावा लागतो, आणि हुंदका त्या आवाजात लपवताही येतो. शांतता चूक असं मी म्हणत नाही; पुष्कळ घरांना तीच मानवते. माझ्या दृष्टीने महत्त्वाचं हे, की श्रद्धांजली कशी वाहायची ते आयोजकांनी ठरवलं नाही, घरच्यांनी सांगितलं आणि बाकीच्यांनी ऐकलं.

आता नंबराबद्दल. क्रिकेटमध्ये पाठीवरचा आकडा आपण हल्ली पाहू लागलो. मोटोजीपीत नंबर म्हणजे रेसरचं दुसरं नाव असतं. हेल्मेटमुळे चेहरा दिसत नाही, अंग गाडीवर दुमडलेलं असतं, लांबून ओळख पटते ती नंबरानेच. बरेच जण लहानपणी घेतलेला नंबर शेवटपर्यंत सोडत नाहीत. म्हणून एखाद्याच्या पश्चात त्याचा नंबर कुणालाच न देणं हा या खेळातला मोठा मान आहे. 2003 मध्ये सुझुकाच्या शर्यतीत जखमी होऊन दोन आठवड्यांनी गेलेल्या दाइजिरो कातोचा 74 असाच बाजूला ठेवला गेला. तोमिझावाचा 48 त्याच्या मोटो2 गटात कुणी लावत नाही. मोटोजीपीत 58 नंबर यापुढे कुणालाही न देण्याचं 2016 मध्ये ठरलं. यादीतली रिकामी जागा मुद्दाम रिकामी ठेवलेली असते. नव्या मुलाने विचारावं, हा नंबर का मिळत नाही, आणि कुणीतरी त्याला गोष्ट सांगावी.

कोरियानोच्या जवळच समुद्रालगत मिसानोचं सर्किट आहे. मार्कोच्या मृत्यूनंतर त्याला मार्को सिमोनचेल्लीचं नाव देण्यात आलं. सर्किटच्या दारातला रस्ता दाइजिरो कातोच्या नावाने आहे. आणि तोमिझावा ज्या ट्रॅकवर गेला तो हाच. म्हणजे तिथे शर्यतीला येणारा प्रत्येक मुलगा एका मृताच्या नावाच्या रस्त्याने जातो, दुसऱ्याच्या नावाच्या फाटकातून आत शिरतो, आणि तिसऱ्याचा जीव जिथे गेला त्या डांबरावर गाडी घालतो. कातो आणि मार्को दोघंही ग्रेसिनीच्या संघाचे. दोन मुलं गमावलेला तो संघमालक स्वतः 2021 च्या फेब्रुवारीत कोविडने गेला.

एवढं सगळं सुंदर आहे. पण नुसतं सुंदर असून भागत नाही, आणि इथे मला राग येतो.

29 मे 2021 ला इटलीतच, मुजेल्लोला, मोटो3 या सगळ्यात खालच्या गटाच्या पात्रता फेरीत जेसन द्युपास्किए हा 19 वर्षांचा स्विस मुलगा पडला आणि मागून आलेल्या गाडीची धडक त्याला बसली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच्या मृत्यूची बातमी आली. मोटोजीपीचे रेसर ग्रिडवर जमले, मिनिटभर शांत उभे राहिले, मग हेल्मेट घालून ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या वेगाने शर्यतीला लागले. त्या दिवशी धावायला नको होतं, असं शर्यतीनंतर काहींनी स्पष्ट सांगितलं. सेपांगला शर्यत रद्द झाली, मुजेल्लोला झाली नाही. तिकिटं, टीव्हीचे करार, प्रायोजक हे सगळं मला कळतं. पण शोकाला मिनिटभराची जागा द्यायची आणि घड्याळ पुढे चालू ठेवायचं, याला मान देणं म्हणायला माझं मन तयार होत नाही.

त्याच वर्षी स्पेनमध्ये 14 आणि 15 वर्षांची दोन मुलं ज्युनियर गटांतल्या शर्यतींत गेली, तीही पडल्यावर मागच्या गाड्यांची धडक बसून. लहान गटांत हा धोका का जास्त, ते समजायला सोपं आहे. गाड्या कमी ताकदीच्या आणि जवळपास सारख्याच असतात, त्यामुळे कुणी कुणाला मागे टाकून दूर जाऊ शकत नाही. वीस-पंचवीस मुलं एका झुंडीत, एकमेकांच्या चाकाला चाक लावून धावतात. मधलं एक पडलं की मागच्यांना वळायला जागाच उरत नाही. त्या तीन मृत्यूंनंतर आंतरराष्ट्रीय मोटरसायकल महासंघाने वयाची अट वाढवली. 2023 पासून, काही अपवाद ठेवून, ग्रांप्री शर्यतींसाठी किमान वय 18 झालं. लहान गटांतल्या गाड्यांची संख्याही कमी करायचं ठरलं. एअरबॅग बसवलेले सूट तर 2018 पासूनच सक्तीचे होते. रेसर घसरतोय हे सूटमधली यंत्रणा ओळखते आणि तो जमिनीवर आदळायच्या आत खांदे आणि छातीभोवती हवा भरते. कातोच्या मृत्यूनंतर सुझुकाचं सर्किटच मोटोजीपीच्या वेळापत्रकातून गेलं. हे नियम आणि हे निर्णयही श्रद्धांजलीच आहेत, फक्त त्यांच्यापुढे कुणी फुलं ठेवत नाही.

हे सगळं परदेशातलं म्हणून दूर ठेवता येत नाही. 5 ऑगस्ट 2023 ला चेन्नईजवळच्या सर्किटवर राष्ट्रीय स्पर्धेच्या नवख्यांच्या शर्यतीत बंगळुरूचा 13 वर्षांचा मुलगा पडून गेला. आयोजकांनी त्या आठवड्याच्या उरलेल्या शर्यती रद्द केल्या. पुढच्या महिन्यात मोटोजीपी पहिल्यांदा भारतात आली, ग्रेटर नोएडाला. आपल्याकडे, पुण्या-कोल्हापूरकडच्या घरांतही, दहा-बारा वर्षांची मुलं सूट घालून ट्रॅकवर उतरतात, आणि बाप कुंपणाशी हातात घड्याळ धरून उभा असतो. त्या बापांना मी गाडी विका असं सांगणार नाही. मुलाच्या गटात एका वेळी किती गाड्या सोडतात, हेल्मेट कोण तपासतं, डॉक्टर किती अंतरावर असतो, एवढं तरी त्यांनी दर शर्यतीआधी विचारावं, आणि उत्तर मिळाल्याशिवाय मुलाला ट्रॅकवर सोडू नये.

ग्रेटर नोएडाच्या त्या मोटो3 शर्यतीत 'सिक 58' नावाच्या संघाचीही मुलं होती. तो संघ पाओलो सिमोनचेल्लींचा. मुलगा गेल्यावर त्यांच्या घराने त्याच्या नावाने संस्था काढली, तिच्यातून गावात अपंगांसाठी घर उभं राहिलं. ते कुणालाही समजेल. पण बापाने पुन्हा रेसिंगचा संघ काढावा, दुसऱ्यांच्या मुलांना त्याच खेळात उतरवावं, हे अनेकांना समजत नाही. मलाही बरीच वर्षं समजलं नव्हतं. आता वाटतं, पंधरा वर्षं ते दर रविवारी मुलाला घेऊन सर्किटवर जात होते. मुलगा गेला, पण रविवार येतच राहिला. त्या रविवारचं करायचं काय, हा प्रश्न घरात बसून सुटत नव्हता.

आधी इटलीतल्या लहान मुलांच्या शर्यती, मग 2017 पासून जागतिक मोटो3. पहिली दोन वर्षं विजय नाही. 2019 च्या मे महिन्यात स्पेनमध्ये हेरेझला निकोलो आंतोनेल्ली पहिला आणि तात्सुकी सुझुकी दुसरा, दोघंही त्यांच्याच संघाचे. मग 15 सप्टेंबर 2019 ला शर्यत आली मिसानोला, मार्कोच्या नावाच्या सर्किटवर. सुझुकी जपानचा, तोमिझावाच्याच चिबा प्रांतातला. त्याच्या गाडीचा नंबर 24. तिथे तो पहिला आला. विजेत्याच्या चबुतऱ्यावर तो उभा राहिला तेव्हा खाली पाओलो होते, पांढऱ्या केसांचे, संघाचा शर्ट घातलेले. शर्टावर 58 होता.